पोटगीची थकबाकी थेट पगारातून: आदेश हातात आल्यावर पुढची कागदपत्रं

दरखास्तनवीस

पोटगीचा आदेश हातात आहे, समोरचा माणूस नोकरीत आहे, त्याचा पगार दर महिन्याला होतो आणि पोटगी मात्र येत नाही. या एकाच परिस्थितीवर हा धागा. पोटगी किती असावी, कायदा कोणाच्या बाजूचा, यावर आधीच भरपूर रणं झाली आहेत, ती तिकडेच राहू द्या. उदाहरणं महाराष्ट्रातल्या कोर्टांची आहेत, पण कायदे केंद्राचे असल्यामुळे इंदूर-बडोद्याकडच्या मंडळींनाही बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी आदेशाचं पहिलं पान काढा आणि तो कोणत्या कलमाखाली झालाय ते बघा. वसुलीचा रस्ता तिथेच ठरतो आणि निम्मे अर्ज इथेच चुकतात.

आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली असेल (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४), तर थकलेली रक्कम दंडासारखी वसूल होते. म्हणजे जंगम मालमत्तेवर जप्तीचं वॉरंट, किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली, आणि तरीही बाकी राहिली तर कैद. या कलमात 'मालकाने पगारातून कापून द्यावं' असं सरळ लिहिलेलं नाही. कोर्टं असे आदेश देतात, पण समोरचा वकील हरकत घेतो आणि त्यात तारखा जातात.

आदेश घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम २० खालचा असेल तर काम सर्वांत सोपं. त्याच कलमाचं पोटकलम ६ सांगतं की रक्कम दिली नाही तर दंडाधिकारी मालकाला किंवा त्या माणसाच्या देणेकऱ्याला (म्हणजे जो त्याला पैसे देणं लागतो त्याला) थेट आदेश देऊ शकतात: पगाराचा अमुक भाग अर्जदार बाईंना द्या किंवा कोर्टात भरा. पगारासाठी इतकं स्पष्ट वाक्य बाकी कुठे नाही.

आदेश हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ किंवा २५ चा असेल तर तो कलम २८-अ मुळे दिवाणी हुकूमनाम्यासारखा (डिक्रीसारखा) बजावला जातो. त्यासाठी दरखास्त, म्हणजे हुकूमनामा बजावण्याचा अर्ज, घालायची, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ च्या नियम ११ मधल्या तक्त्यानुसार. सरकारी नोकर असेल तर नियम ४८, खाजगी असेल तर ४८-ए.

एकाच घरात दोन-तीन आदेश असतात. रक्कम अर्थातच दोनदा मिळत नाही, एकातली दुसऱ्यात वळती होते. पण वसुली कुठल्या आदेशावर लावायची ते निवडता येतं, आणि कलम २० चा आदेश असेल तर मी तोच पुढे करा म्हणेन.

खोडरबर

एक भर. 'रजनेश विरुद्ध नेहा' या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीचा आदेश दिवाणी कोर्टाच्या पैशाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येईल असं म्हटलंय, आणि दिवाणी संहितेची कलमं ५१, ५५, ५८, ६० व ऑर्डर २१ नावानिशी दिली आहेत. मग १२५ वाल्यांनीही सरळ दरखास्तच का घालू नये?

दरखास्तनवीस

घालावी की. पण कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम १८ पोटकलम २ म्हणतं की १२५ चे आदेश फौजदारी संहितेच्या रीतीने बजावायचे. हरकत नेमकी यावरच येते. म्हणून अर्जात रजनेशमधला तो परिच्छेद उतरवून द्यायचा आणि विनंती दोन भागांत मागायची: मुख्य विनंती पगारातून कपातीची, पर्यायी विनंती वसुली वॉरंटची. एक अडली तरी दुसरी चालू राहते. अर्ज फेटाळला जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची वेळ येत नाही.

रेवती_सा

पगारातला किती भाग कापता येतो? आमच्याकडे समोरच्या वकिलांनी 'एक तृतीयांशच्या वर कापताच येत नाही' असं लेखी दिलंय.

पेरोल_पंत

रेवतीताई, हे उलटं आहे, आणि ही गफलत कंपन्यांच्या पगार विभागातही सर्रास दिसते.

दिवाणी संहितेच्या कलम ६० मध्ये पगाराबद्दल दोन वेगळ्या तरतुदी आहेत. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित, तो जप्त होत नाही. पोटगीच्या हुकूमनाम्यात सुरक्षित भाग फक्त एक तृतीयांश. म्हणजे जप्त होऊ शकतो तो दोन तृतीयांश.

एकूण पगार ६०,००० धरा. साध्या कर्जासाठी सुरक्षित रक्कम १,००० अधिक ५९,००० चे दोन तृतीयांश, म्हणजे ४०,३३३. जप्तीला उरतात १९,६६७. पोटगीसाठी सुरक्षित २०,०००, जप्तीयोग्य ४०,०००. दुपटीहून जास्त फरक. वकीलसाहेबांनी सुरक्षित भाग आणि जप्तीचा भाग यांची अदलाबदल केली आहे, मुद्दाम की अनवधानाने ते तेच जाणोत.

ही वरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात कोर्ट एवढं कापायला लावेलच असं नाही. चालू पोटगी अधिक थकबाकीचा झेपेल असा हप्ता, अशी रचना बहुतेक वेळा टिकते. समजा पोटगी १२,००० आहे आणि १४ महिने थकले आहेत, तर थकबाकी १,६८,०००. आदेशात 'दरमहा २२,००० कापावेत, पैकी १२,००० चालू व १०,००० थकबाकी' असं मागितलं तर १७ महिन्यांत थकबाकी संपते, शेवटचा हप्ता ८,००० चा. आणि ही २२,००० ची रक्कम ४०,००० च्या आत असल्यामुळे समोरच्याला हिशेबावर अपील करायला जागा राहत नाही.

दुसरा मुद्दा, 'पगार' कशाला म्हणायचं. कलम ६० च्या स्पष्टीकरणाप्रमाणे पगार म्हणजे नोकरीतून मिळणारं एकूण मासिक उत्पन्न, शासनाने अधिसूचनेने वगळलेले भत्ते सोडून. हातात येणारी रक्कम नव्हे. घरकर्जाचा हप्ता, पतसंस्थेचा हप्ता, भिशी, विम्याचा हप्ता, ऐच्छिक भविष्य निर्वाह निधी हे सगळं कापून 'हातात तर १४,००० च येतात' अशी पावती कोर्टात येते. आदेशानंतर घेतलेली कर्जं तर त्या पावतीवर हमखास असतात. पगारपत्रकाची डावी बाजू बघा, उजवी नव्हे.

तिसरा मुद्दा फार जणांना माहीत नसतो. साध्या कर्जाच्या जप्तीत २४ महिने कपात झाली की पुढचे १२ महिने तो भाग मोकळा सोडावा लागतो. पोटगीच्या तरतुदीत हे वाक्य नाही. तरीही काही पगार विभाग संगणकात एकच नियम भरून ठेवतात आणि पंचविसाव्या महिन्यात कपात आपोआप थांबते. थांबली तर लगेच लेखी विचारा.

शालार्थ_मास्तर

पतसंस्थेच्या हप्त्याबद्दल जरा अडचण आहे पंत. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने करार लिहून दिला असेल तर मालकाला तो हप्ता कापावाच लागतो. आमच्याकडे शिक्षकांच्या पगारात पहिला हक्क पतसंस्थेचाच, असं धरून बिलं बनतात.

पेरोल_पंत

कापावा लागतो, मान्य. पण जप्तीयोग्य भाग एकूण पगारावर काढायचा आणि मग दोन्ही कपाती बसतात का ते बघायचं. बहुतेकदा बसतात. बसत नसतील, किंवा वेतन कायद्यातली एकूण कपातीची ५० टक्क्यांची मर्यादा आडवी येते असं लेखाविभागाला वाटत असेल, तर त्यांनी आदेश बाजूला ठेवायचा नसतो. सगळ्या कपातींचा तक्ता जोडून कोर्टाला कळवायचं आणि मार्गदर्शन मागायचं. परस्पर रक्कम कमी करून पाठवणारा अधिकारी स्वतः अडचणीत येतो, कारण नियम ४८ आणि ४८-ए दोन्हीत लिहिलंय की आदेश मोडून कर्मचाऱ्याला दिलेल्या रकमेची जबाबदारी मालकावर.

रेवती_सा

अर्जासोबत नेमकं काय काय लावायचं ते कोणी सविस्तर सांगाल का? आमचा मागचा आदेश कंपनीकडून परत आला, 'सदर कर्मचाऱ्याची ओळख पटत नाही' म्हणून.

पेरोल_पंत

हा शेरा अगदी नेहमीचा. तीस हजार कर्मचाऱ्यांच्या कंपनीत 'श्री. अमुक पाटील' एवढ्यावर माणूस सापडत नाही, आणि चुकीच्या पाटलाचा पगार कापण्यापेक्षा आदेश परत पाठवणं सोपं.

आदेशातच हे असायला हवं, अर्जात असून उपयोग नाही: पूर्ण नाव, कर्मचारी क्रमांक, पदनाम, विभाग, कामाचं ठिकाण. कर्मचारी क्रमांक पगाराच्या जुन्या पावतीवर, फॉर्म १६ वर किंवा जुन्या ओळखपत्रावर मिळतो. हातात काहीच नसेल तर समोरच्याने मालमत्ता व उत्पन्नाचं जे प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं ते तपासा. रजनेशच्या निकालापासून ते दोन्ही पक्षांना बंधनकारक आहे आणि त्याला पगाराच्या पावत्या जोडाव्या लागतात.

मग आदेश कोणाच्या नावाने निघतोय. 'व्यवस्थापक, अमुक कंपनी, हिंजवडी' असं लिहिलं की पाकीट स्वागतकक्षात पडून राहतं. पगार ज्या कायदेशीर कंपनीच्या नावाने होतो ते नाव लिहा. ते पगाराच्या पावतीच्या माथ्यावर असतं आणि पुष्कळदा इमारतीवरच्या पाटीपेक्षा वेगळं असतं. कंत्राटी कर्मचारी असेल तर मालक म्हणजे कंत्राटदार, जिथे तो रोज जातो ती कंपनी नव्हे. पत्ता नोंदणीकृत कार्यालयाचा, आणि एक प्रत पगार ज्या कार्यालयातून होतो तिथे.

रक्कम आकड्यात आणि अक्षरात. 'पोटगी व थकबाकीपोटी योग्य ती रक्कम' असं लिहिलेल्या आदेशावर कोणताही लेखापाल सही करणार नाही. कपात कोणत्या महिन्याच्या पगारापासून, थकबाकी कोणत्या महिन्यापर्यंत, ती संपल्यावर किती रक्कम चालू ठेवायची, हे तिन्ही लिहून घ्या. पगार पत्रक साधारण २० ते २५ तारखेदरम्यान गोठतं. आदेश २८ ला पोचला तर त्या महिन्यात काही होणार नाही, त्यावरून लगेच अवमानाचा अर्ज टाकू नये.

आणि पैसे कुठे जमा करायचे. अर्जदाराचं खातं, आयएफएससी, रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाचं पहिलं पान.

दरखास्तनवीस

खात्याबद्दल पंतांनी एका ओळीत आटोपलं, पण गोम तिथेच आहे. विनंतीत काही न लिहिल्यास आदेश 'कोर्टात जमा करावे' असा होतो. नियम ४८-ए ची भाषाच तशी आहे. मग दर महिन्याला पैसे नाझर विभागात, म्हणजे कोर्टाच्या रोकड विभागात, जमा, तिथे नोंद, मग तुमचा रक्कम उचलण्याचा अर्ज, त्यावर आदेश, मग व्हाउचर. कंपनी वेळेवर पैसे भरते आणि बाईंच्या हातात तीन-तीन महिन्यांनी पडतात. कलम २० च्या पोटकलम ६ मध्ये थेट अर्जदाराला देण्याची सोय स्पष्ट आहे. दरखास्तीतही 'थेट डिक्रीधारकाच्या खात्यात वर्ग करून अनुपालनाचा तिमाही अहवाल कोर्टात द्यावा' अशी विनंती करावी, बहुतेक कोर्टं ऐकतात.

सोबतची कागदपत्रं: आदेशाची प्रमाणित प्रत (१२५ च्या आदेशाची प्रत ज्याच्या बाजूने आदेश झाला त्याला विनामूल्य द्यायची असते, नकल विभागात हे सांगावं लागतं), थकबाकीचा तक्ता, बँकेचा उतारा ज्यात रक्कम आली नाही हे दिसतं, आणि प्रतिज्ञापत्र. तक्ता महिनावार करा: महिना, देय रक्कम, मिळालेली रक्कम, मिळाल्याची तारीख, बाकी. बायको आणि मुलांची रक्कम आदेशात वेगवेगळी असेल तर तक्त्यातही वेगळे रकाने हवेत. मुलगा अठराचा झाला की त्याचा रकाना त्या महिन्यात थांबतो. एकत्र बेरीज केलेली असेल तर तेवढ्यासाठी सगळा तक्ता वादात सापडतो.

आता हद्द. सरकारी नोकर, रेल्वे, नगरपालिका, जिल्हा परिषद, कायद्याने स्थापन झालेली महामंडळं, सरकारी कंपन्या यांच्या बाबतीत नियम ४८ खाली पगार काढणारा अधिकारी कोर्टाच्या हद्दीत असो वा नसो, आदेश थेट पाठवता येतो. पुण्याच्या कोर्टाचा आदेश गडचिरोलीच्या गटशिक्षणाधिकाऱ्याला चालतो. खाजगी नोकरीत मात्र ४८-ए लागतो आणि त्यात पगार देणारा अधिकारी कोर्टाच्या हद्दीत असावा लागतो. कोर्ट नाशिकचं आणि पगार बंगळुरूहून होत असेल तर हुकूमनामा दिवाणी संहितेच्या कलम ३९ खाली तिकडे वर्ग करून घ्यावा लागतो. नाहीतर कंपनीचं पगार देणारं कार्यालय तुमच्या हद्दीत आहे हे दाखवायचं. ही पायरी गाळली तर कंपनीचा वकील एका पानात आदेश उडवतो.

शालार्थ_मास्तर

सरकारी बाजूचं थोडं. आदेश 'शिक्षण विभाग' किंवा 'जिल्हा परिषद' अशा नावाने आला की तो आवक-जावकमध्ये फिरत राहतो. पगार कापण्याचा अधिकार आहरण व संवितरण अधिकाऱ्याला असतो, आदेश त्याच्या पदनामाने हवा, व्यक्तीच्या नावाने नको, बदली होते. खाजगी अनुदानित शाळेत बिल मुख्याध्यापक बनवतात आणि वेतन पथक तपासतं, म्हणून प्रत दोघांना. अनुदानित शाळेला नियम ४८ की ४८-ए असा घोळ होऊ नये यासाठी दरखास्तीत दोन्ही नियम लिहावेत. शालार्थ किंवा सेवार्थ (सरकारच्या पगार प्रणाली) क्रमांक दिलात तर कारकुनाला शोधायला काही उरत नाही.

बदली झाली की शेवटच्या वेतन प्रमाणपत्रावर ही कपात लिहिली जायला हवी. ती ओळ राहिली तर नव्या कार्यालयाला कोर्टाचा आदेश असल्याचं कळतच नाही आणि पहिल्या महिन्यापासून पूर्ण पगार निघतो. आदेशाच्या शेवटी 'बदली झाल्यास सदर कपात अंतिम वेतन प्रमाणपत्रात नमूद करावी' ही ओळ टाकून घ्या.

कृष्णाकाठ

नोकरी नसलेल्यांचं काय? शेती आहे, ऊस जातो, दोन म्हशी आहेत. पगार नाही म्हणजे वसुली नाही?

दरखास्तनवीस

कलम २० च्या पोटकलम ६ मध्ये मालकाबरोबर 'देणेकरी' पण आहे, ते लोक वाचत नाहीत. साखर कारखाना उसाच्या बिलाचा देणेकरी. दूध संघ दहा दिवसांच्या बिलाचा देणेकरी. दुकानाचा गाळा भाड्याने दिला असेल तर भाडेकरू. कंत्राटदार असेल तर ज्या कार्यालयात बिल अडकलंय ते कार्यालय. कारखान्याला सभासद क्रमांक आणि गट नंबर, दूध संघाला उत्पादक क्रमांक कळवा. दिवाणी दरखास्तीत हेच ऑर्डर २१ नियम ४६-ए खाली मागता येतं आणि बँक खात्यातली शिल्लक, मुदत ठेव यांनाही तो नियम लागतो. एवढं मात्र बघा की ऊस सात-बारावर कोणाच्या नावाने आहे. वडिलांच्या नावाने नोंद असेल तर कारखाना मुलाचा देणेकरी ठरत नाही.

खोडरबर

इतकं सगळं करण्यापेक्षा अटक वॉरंट काढलं की दुसऱ्या दिवशी पैसे येतात, हा व्यवहार सगळ्या वकिलांना ठाऊक आहे. महिनाभर आत गेला की अक्कल येते.

विधीसेवक

एकदा येतात. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आणि खाजगी नोकरीतला माणूस महिनाभर आत गेला की नोकरी जाते, मग ज्या पगारावर सगळी मदार तोच संपतो. माझं मत असं की पगार चालू असेल तोवर कैद हे शेवटचं हत्यार, आणि ज्याचं उत्पन्न दिसतं पण कुठेच सापडत नाही त्याच्यासाठी ते राखून ठेवावं.

एक मात्र पक्कं करून घ्या, दोन्ही बाजूंनी: आत राहून आल्याने थकबाकी फिटत नाही. 'कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग' या १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की कैद ही वसुलीसाठीची सक्ती आहे, रकमेची परतफेड नव्हे.

दुसरं, मुदत. १२५ किंवा १४४ खाली वॉरंट मागायचं तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज हवा. दर महिन्याची रक्कम स्वतंत्रपणे देय होते. मार्च २०२५ ची पोटगी मार्च २०२६ नंतर या मार्गाने वसूल करायला गेलात तर वॉरंट मिळणार नाही. म्हणून आधीचा अर्ज प्रलंबित असला तरी दर दहा-अकरा महिन्यांनी नव्या महिन्यांचा नवा वसुली अर्ज टाकायचा, जुन्याच अर्जात रक्कम वाढवत बसायचं नाही. वर्ष उलटलं तरी हक्क मरत नाही, फक्त तो झटपट मार्ग बंद होतो, हे २०१३ च्या 'पूनगोडी विरुद्ध थंगवेल' मध्ये आलंय. दिवाणी हुकूमनाम्याला मुदत १२ वर्षं, तीही प्रत्येक हप्त्याच्या तारखेपासून.

आणि खर्च. स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे. तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते, १५१०० वर फोन केला तरी चालतो. महाराष्ट्रात पोटगीच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी १९९४ पासून माफ आहे. तरी कोणी तिकिटं लावायला सांगत असेल तर ती अधिसूचना दाखवा.

देणेकरी_मीच

दुसऱ्या बाजूने विचारतो, दगड मारू नका. पोटगी भरतो, पण मुलीची शाळेची फी मी थेट शाळेत भरली आणि काही महिने रोख दिले. आता थकबाकीच्या तक्त्यात ते महिने कोरे दाखवलेत. पगार विभागाला सांगून कपात थांबवता येईल का?

पेरोल_पंत

पगार विभागाला सांगून काहीही थांबत नाही. तुमचं पत्र फाइलला लागेल, कपात चालूच राहील. कोर्टाचा स्थगिती आदेश आला तरच.

दरखास्तनवीस

दादा, बाहेर दिलेली रक्कम कोर्टात नोंदवली नसेल तर वसुली करणारं कोर्ट ती मानत नाही. ऑर्डर २१ चा नियम २ हेच सांगतो. रोख दिल्याचं कागदावर काही नसेल तर ते महिने गेले असं धरून चला. फीच्या पावत्या असतील तर हिशेब वळता करण्याचा अर्ज द्या. पण आदेशात 'शिक्षण खर्च वेगळा' असं लिहिलं असेल तर फी पोटगीत वळती होणार नाही. यापुढे बँकेतून द्या आणि शेऱ्यात 'पोटगी, जून २०२५' असा महिना घाला. नुसतं 'घरखर्च' लिहिलेल्या रकमांवर कोर्टात तासन् तास जातात.

नोकरी गेली किंवा पगार घटला तर कलम १२७, आताचं १४६, खाली रक्कम कमी करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात घाला. वसुलीच्या अर्जाला उत्तर म्हणून 'परवडत नाही' सांगून उपयोग नाही, वसुली कोर्ट मूळ आदेशाच्या मागे जात नाही.

रेवती_सा

आणि त्याने कपात सुरू झाल्या-झाल्या राजीनामा दिला तर?

पेरोल_पंत

हे फार होतं. आदेश त्या कंपनीला बांधतो, पुढच्या कंपनीला नाही. नव्या मालकाच्या नावाने नवा आदेश लागतो. म्हणून पहिल्याच आदेशात दोन ओळी हव्यात. एक, नोकरी सोडल्यास अंतिम हिशेबातली देय रक्कम, म्हणजे राहिलेला पगार, रजेचे पैसे, बोनस, यातून थकबाकी वळती करावी. दोन, राजीनामा मिळताच कोर्टाला कळवावं. अंतिम हिशेब व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात अर्ज करता येतो.

भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी या आदेशात घुसडू नका. दोघांनाही त्यांच्या कायद्यात जप्तीपासून संरक्षण आहे आणि त्या एका शब्दासाठी अख्खा आदेश अडकतो.

नवी नोकरी कुठे लागली ते कळत नसेल तर ऑर्डर २१ च्या नियम ४१ खाली त्याच्याकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागा. फौजदारी बाजूला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कागदपत्रं हजर करण्याचे समन्स काढता येतात, जुन्या मालकाला किंवा बँकेला. बँकेच्या उताऱ्यात पगार जमा करणाऱ्याचं नाव येतं, तेवढं पुरतं.

सातारा_छावणी

फौजींच्या बाबतीत वरचं बरंचसं लागू नाही. सैन्य अधिनियम १९५० च्या कलम २८ मुळे दिवाणी किंवा महसूल कोर्टाच्या हुकमाने जवानाचा पगार जप्त होत नाही. पण कलम ९० आणि ९१ प्रमाणे बायकोमुलांच्या निर्वाहासाठी सैन्यच पगारातून कपात करू शकतं. तिथे कोर्टाची दरखास्त नाही, युनिटच्या कमान अधिकाऱ्याकडे अर्ज, प्रत रेकॉर्ड ऑफिसला. सेवा क्रमांक, पद, युनिट, लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, कोर्टाचा पोटगी आदेश असेल तर त्याची प्रमाणित प्रत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज लिहून द्यायला मदत करतं. जवानालाही बाजू मांडायची नोटीस जाते, त्यामुळे वेळ लागतो.

कृष्णाकाठ

आणि निवृत्त माणसाच्या पेन्शनवर?

विधीसेवक

कलम ६० पेन्शनला संरक्षण देतं, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये पत्नीच्या पोटगीसाठी पेन्शन जप्त होऊ शकते असं म्हटलंय. तो निकाल अर्जाला जोडा. आदेश पेन्शन मंजूर करणाऱ्या कार्यालयाला आणि पेन्शन जमा होते त्या बँकेच्या पेन्शन कक्षालाही.

हडसनकाठ

अमेरिकेत असलेल्यांसाठी. पुण्याच्या कोर्टाचा आदेश न्यू जर्सीतल्या कंपनीला पाठवून काही होत नाही, कंपनी तो वाचून बाजूला ठेवते. माणूस भारतीय कंपनीच्या भारतातल्या पगारपत्रकावर असेल, फक्त कामाला तिकडे, तरच इथला आदेश चालतो. पगार अमेरिकन कंपनीकडून होत असेल तर तिथल्या राज्यात पोटगीचा आदेश घ्यावा लागतो.

तिथे एकदा आदेश झाला की व्यवस्था इथल्यापेक्षा पुष्कळ सरळ आहे. मालकाला ठरावीक नमुन्यात कपातीची नोटीस जाते, आणि त्याने पगाराच्या तारखेपासून ७ कामकाजाच्या दिवसांत रक्कम राज्याच्या वितरण केंद्राला पाठवायची. मर्यादा केंद्रीय कायद्याची: दुसरं कुटुंब पोसत असेल तर करादी सक्तीच्या कपाती जाऊन उरलेल्या पगाराच्या ५० टक्के, नसेल तर ६०, आणि थकबाकी १२ आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर दोन्हीत ५ टक्क्यांची वाढ. इथे भारतासारखा एकूण पगार धरत नाहीत, गणितं करताना हे लक्षात ठेवा.

भारतात वॉरंट निघालं असेल तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १० पोटकलम ३ खाली पासपोर्ट कार्यालयाला कळवता येतं. व्हिसाचं नूतनीकरण जवळ आलेल्यांना त्याचा अर्थ चटकन समजतो.

रेवती_सा

पंत, शेवटचं. आदेश कंपनीला कोणी पोचवायचा? बेलिफ गेला नाही म्हणून आमची तारीख आधीच एकदा पुढे गेलीय.

पेरोल_पंत

बेलिफाबरोबरच हस्त बजावणीची परवानगी मागा, अर्जाच्या शेवटी एक ओळ पुरते. मग तुम्ही किंवा वकिलांनी मोहोरबंद प्रत स्वतः नेऊन द्यायची, आवक शिक्का आणि तारीख दुसऱ्या प्रतीवर घ्यायची. शिवाय स्पीड पोस्टाने नोंदणी करून एक, पोच मिळेल अशी. ईमेल कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्याला, आदेशाची पीडीएफ जोडून, विषयात कर्मचारी क्रमांक. शिक्क्याची प्रत आणि डाक पोच पुढच्या तारखेला प्रतिज्ञापत्रासोबत दाखल केली की 'आदेश मिळालाच नाही' हे उत्तर बंद. कंपनीला पोचल्याची तारीख २० च्या आधीची असेल असं बघा, म्हणजे त्याच महिन्यात कपात सुरू होते.